नखीला धरायचं कुठं

हजेरीच्या मशीनला त्याचा अंगठा कधीच ओळखता आला नाही. नळाच्या कारखान्यात ते मशीन बसवलं, तेव्हा त्याच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. बाकीचे लोक यायचे, अंगठा टेकवायचे, मशीन टुणकन वाजायचं आणि माणूस आत. हा अंगठा टेकवायचा आणि मशीन मुकं. पुसून पुन्हा टेकवायचा, तरी मुकंच. मागे रांग लागायची. रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "अरे, त्याला सोडा. त्याला अंगठा नाही, आरसा आहे."

आरसा हे नाव त्याला मशीनच्या फार आधी पडलेलं होतं. ओतून आलेला काळपट, खरबरीत पितळी नळ फिरत्या कापडी चाकावर दाबून धरायचा आणि लखलखीत करून पुढे द्यायचा, हे त्याचं काम. बफिंग खात्यात सहा माणसं होती. सहाही जणांचे नळ चमकायचे. याच्या नळात मात्र मिशीचा केस न् केस मोजता यायचा. नळ हातात आला की तो त्यावरून अंगठा फिरवायचा. कुठे कण जरी अडकला, तरी नळ पुन्हा चाकावर. "बोट अडकलं तर काम अडकलं," एवढंच त्याचं शास्त्र. छत्तीस वर्षं असा अंगठा फिरवला, तेव्हा नळांबरोबर बोटांचीही पॉलिश झाली. रेषा गेल्या. चाकाच्या कंपाने पुढे पुढे अंगठ्याची जाणीवही बोथट झाली.

टाइमकीपरने आठ दिवस ती मशीनची गंमत पाहिली आणि नवव्या दिवशी जुनी वही काढली. "याची हजेरी मी हाताने लिहिणार," तो वरच्या साहेबाला म्हणाला. "माणूस समोर उभा आहे. तो आला नाही असं मी कसं म्हणू?" चार वर्षं त्याने ती लिहिली, एक दिवस चुकवला नाही.

हाच टाइमकीपर जेवणाच्या सुट्टीत भांडारघराच्या मागे गिटार वाजवत बसायचा. आरशाला त्याने तीन कॉर्ड शिकवल्या. चौथी काही आरशाच्या बोटांना जमली नाही. निवृत्त होताना टाइमकीपरने ती गिटार त्यालाच दिली. म्हणाला, "माझ्या घरी धूळ खाईल. तुझ्याकडे निदान पुसली तरी जाईल."

पुसली गेली. वाजली मात्र क्वचित.

त्याची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. लग्न तिथेच जमलं, आणि जमलं ते भांडणातून. कामाला लागून तिला चारच दिवस झाले होते. तिच्या हातून एक नळ सटकला, फरशीवर आपटला, त्याला खोक पडली. तिला बोलणी बसली. ती तशीच नळ कागदात गुंडाळून बफिंगच्या दारात येऊन उभी राहिली.

"हा कुणी घासला?"

पाच जणांनी एकाकडे बोट दाखवलं.

"एवढा गुळगुळीत केलात," ती म्हणाली. "आता धरायचं कुठं?"

त्याने चाक बंद केलं. आजवर कुणी तक्रार घेऊन आलं, तर चमक कमी पडली म्हणून. जास्त झाली म्हणून आलेली ही पहिलीच. त्याने नळ हातात घेतला आणि मागची बाजू तिच्यासमोर धरली. पाइपात फिरवून बसवण्यासाठी तिथे आटे पाडलेले असतात. तेवढा भाग कुणी घासत नाही.

"आट्याला धरा," तो म्हणाला. "बाकी नळ बघायचा."

तिने आट्याला धरला. नळ हातात बसला. "हे आधी सांगायला काय तोंडाला पॉलिश लागली होती?" असं म्हणून ती निघून गेली. पुढे पॅकिंगमध्ये तिच्या हातून नळ पडला नाही, आणि बफिंगच्या दारात तिचं येणंही थांबलं नाही. घरी काही हातातून निसटलं, साबण, ताटली, दुधाची पिशवी, की ती म्हणायची, "धरायचं कुठं?" आणि तो असेल तिथून म्हणायचा, "आट्याला." लेक मोठी झाली तशी तीही म्हणू लागली. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही.

तो निवृत्त झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी ती चादरीची घडी घालत होती. दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. तिच्या उजव्या हातातलं टोक सुटलं. त्याला वाटलं, थट्टा करते आहे. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. शेजारच्याने गाडी काढली, तोंडसुद्धा न धुता. ते उपकार आरसा कुणापाशीही बोलताना आधी सांगायचा, आजार नंतर. दुसऱ्या महिन्यात ती काठीने चालू लागली. उजवा हात थोडा थोडा वळू लागला. बोलणं तेवढं परत आलं नाही. दोन शब्द उरले होते, "अहो" आणि "नको." तेवढ्यावर पुष्कळांचे संसार चालतात, पण हिचा चालणारा नव्हता. पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या, हिचं तोंड बंद करायला आख्खं टेपचं बंडल पुरणार नाही. तिला सगळं समजत होतं, सगळं सांगायचंही होतं, आणि तोंडातून बाहेर पडत होतं "अहो."

रविवारी लेकीचा फोन यायचा. ती दूर, दुसऱ्या शहरात.

"आई, कशी आहेस?"

"अहो."

"आई, अहो तुझ्या बाजूला बसलेत. मी लेक."

मग दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक बाई होती. आरसा तिला शब्दबाई म्हणायचा, तिच्यासमोरसुद्धा. वय कमी, आवाज मऊ, पण कामाला कडक. तिने दोघांना समोर बसवून समजावलं, की बोलायची वाट बुजली असली तरी गाण्याची वाट कधी कधी शाबूत राहते. म्हणून वाक्य दोन सुरांत म्हणायचं, एक वरचा, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने मांडीवर ठोका द्यायचा. पाणी दे. दार लाव. इकडे ये.

"ताल तुटू द्यायचा नाही," शब्दबाई म्हणाली. "ताल चालू असला की त्याला धरून शब्द येतो. ताल तुटला की हातात आलेला शब्दही जातो. आणि काका, पहिले सहा महिने मोलाचे. नंतर येत नाही असं नाही, पण कष्ट दुप्पट."

चार महिने होऊन गेले होते.

घरी त्याने टेबलावर ठोके दिले. ती दोन ठोक्यांनंतर "नको" म्हणायची. मग एकदा त्याने गिटार काढली आणि येत होत्या त्या तीन कॉर्डमधली एक अंगठ्याने छेडली. तिची मान वळली. कपडे वाळत घालताना ती गुणगुणायची, तसं बारीक काहीतरी तिच्या घशातून आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्याने गिटार खाली ठेवली नाही.

पण अंगठा दगा देत होता. तारेला लागला की नाही, ते त्याचं त्यालाच कळायचं नाही. एक ठोका मोठा, एक फुसका, एक हवेत. ती "पा" वर यायची, "णी" चा ठोका चुकायचा, आणि तिचं तोंड मिटायचं. "नको." मग त्या दिवशी पुन्हा नाही. असं आठवडाभर झालं. आठव्या दिवशी त्याने गिटार उचलली, तर ती आधीच "नको" म्हणाली. आता तिने प्रयत्नच सोडला, तर पुढे बोलायचं कुणाशी, आणि कसं?

गिटारला नखी असते, एवढं त्याला टाइमकीपरमुळे माहीत होतं. तो वाद्यांच्या दुकानात गेला. दुकान एका बाईचं. चष्मा दोरीने गळ्यात, समोर तारांची भेंडोळी.

"पिक कसली हवी?" तिने विचारलं.

"न पडणारी."

"तशी अजून निघाली नाही. पडतात, हरवतात, म्हणून तर दुकान चालतं." तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. "कुणासाठी?"

त्याने सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण सगळं. बाईने काउंटरखालचा खण आख्खा बाहेर काढून त्याच्यासमोर ठेवला आणि स्टूल सरकवलं. "बसा. एकेक हातात घ्या. घाईचं काम नाही हे."

अर्धा दिवस तो बसला. प्रत्येक नखी उजेडाकडे धरून कड पाहिली, कानाजवळ वाकवून पाहिली, अंगठा आणि तर्जनीत फिरवली. खिशातून मायक्रोमीटर काढून जाडी मोजली. "यावर छापलंय शून्य पूर्णांक त्र्याहत्तर. भरते चौऱ्याहत्तर," तो म्हणाला.

"मग तेवढं जास्तीचं माझ्याकडून," बाई म्हणाली.

शेवटी तिने नऊ तऱ्हेच्या नऊ नख्या पुडीत बांधल्या. "घरी वाजवून बघा. जी नको ती परत आणा. निवडायला दुकान कमी पडतं."

घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हे, की सगळ्या नख्या ओळीने मांडून त्यांच्यावरून अंगठा फिरवला. आणि त्याला त्या नापास वाटल्या. कुणाच्या कडेला साच्याची शिवण राहिलेली. कुणावर उठावाची अक्षरं, कुणावर बारीक पुळ्या, एकीचं तोंड तर रेतीवर घासल्यासारखं मंद. बोथट अंगठ्यालासुद्धा कळेल इतकं खरबरीत. "कारखान्यात असा माल बाहेर गेला असता तर मला उभं केलं असतं," तो बायकोला म्हणाला. तिने मान हलवली, पण ती हो ची होती की नाही ची, ते त्याने नीट पाहिलं नाही. पाण्यात भिजवून घासायचा कागद घेऊन तो बसला. शिवण गेली, अक्षरं गेली, पुळ्या गेल्या. मग कापड, मग पॉलिशचा साबण. तिसऱ्या दिवशी, एक नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची सोडली, तर बाकी आठ नख्या टेबलावर चमकत होत्या.

आता परीक्षा. परीक्षा म्हणजे परीक्षा. रोज सकाळी, हात धुऊन, कोरडे करून, एका नखीला तीनशे ठोके. कितव्या ठोक्याला हलली, कितव्याला फिरली, कितव्याला पडली, वहीत लिहायचं. बायको खुर्चीत बसून ऐकायची. गायची नाही, पण उठून जायची नाही.

नायलॉनची पातळ नखी वाकायची. आवाज पंख्यात कागद अडकल्यासारखा, आणि ठोका मागाहून यायचा, कारण हात पोचला तरी नखी पोचायची असे. मधल्या जाडीची, थेंबाच्या आकाराची, सगळेच वापरतात ती, आवाजाला गोड होती, पण घामाने हळूहळू फिरायची आणि शंभराव्या ठोक्याला टोक अंगठ्याकडे. मोठी तिकोनी चिमटीत भरून यायची, बिस्किट धरल्यासारखी. ती सगळ्यांत जास्त टिकली, पण तिचा उरलेला कोपरा लाकडावर टकटक करायचा आणि बायकोला वाटायचं, दाराशी कुणी आलं. लहान जाड नखी नेमकी तारेवर बसायची, पण बोटांत सापडायचीच नाही. ती सात वेळा निसटून गिटारच्या पोटात गेली. मग गिटार उलटी धरून हलवायची, खुळखुळ्यासारखी. तेव्हा बायको हसली. सातव्या वेळेला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती हसण्याची कमाई त्याने वहीत लिहिली नाही, पण नखी बाद करताना त्याला जड गेलं.

काचेसारखी पारदर्शक एक होती, जवळजवळ एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर जाड. आवाज भरदार, दार ओढून घेतल्यासारखा, पण पॉलिशनंतर ती ओल्या साबणासारखी सुळकन निघून जायची. पोलादाची तारांना खरवडायची. बायकोने चांगल्या हाताने कान झाकला, "नको." नमद्याची मऊ होती, ती वाजली काय आणि न वाजली काय. लाकडाची उबदार बोलायची, पण दोन दिवसांत तिचं टोक दातण चावल्यासारखं झालं. नववी अंगठ्यात अंगठीसारखी घालायची. ही पडणं शक्यच नव्हतं. त्याने तीनशे ठोके पुरे केले, खुशीत वर पाहिलं, तर बायको त्याच्या अंगठ्याकडे बोट दाखवत होती. "अहो. अहो. अहो." अंगठा निळा पडला होता. त्याला कळलंच नव्हतं.

नऊ नख्या झाल्या. दोन आठवडे गेले. त्याने वही मिटली.

मेहनतीत कसूर नव्हती, हे तो स्वतःला सांगू शकत होता. पण मेहनत करून माल नापास झाला, तर तो नापासच. त्याने विचार केला, की दुकानातल्या मालात राम नाही, आपणच करावी. बायकोचा एक जुना शिंगाचा कंगवा होता, अर्धे दात गेलेला. उजवा हात गेल्यापासून तो पडूनच होता. त्याने तो तिला दाखवला, बोटाने हवेत नखीचा आकार काढला. तिने कंगवा त्याच्या हातातून घेतला, एकदा केसांवरून डाव्या हाताने फिरवला आणि परत दिला.

कंगव्याच्या पाठीतून त्याने बारीक करवतीने तुकडा काढला. शिंग तापू द्यायचं नाही, नाहीतर वास सुटतो आणि कड जळते. म्हणून मशीन नाही, हातानेच. सकाळी बसला तो दिवेलागणीला उठला. मध्ये दोनदा तिने त्याला "अहो" केलं, जेवणासाठी. नखी झाली तेव्हा तिच्यात मधाचा रंग होता आणि आत धुरासारखी एक रेघ. अंगठा फिरवला, कुठे म्हणून अडकला नाही. त्याच्या हातून इतकं चांगलं काम कारखान्यातसुद्धा थोड्याच वेळा झालं असेल.

ती खुर्चीत बसली होती. त्याने नखी तिच्या डाव्या तळहातावर ठेवली.

तिने ती उजेडाकडे नेली. नखी निसटून मांडीवर पडली. तिने उचलली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी चिमटीत पक्की धरली, तर बी दाबल्यासारखी उडाली आणि फरशीवर गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत तेच, बफिंगच्या दारात उभी राहिली होती तेव्हाचं. ओठ हलले, काही आलं नाही. मग तिचा डावा हात मांडीवर पडला. एक ठोका. दुसरा. शब्दबाईने शिकवला होता तसा, वरचा सूर, खालचा सूर.

"ध… रा… यचं…" ती थांबली. हात थांबला नाही. "कु… ठं."

"आट्याला," तो म्हणाला. सवयीने. नखी शोधायला तो वाकला होता, वाकूनच म्हणाला.

तो फरशीवरच बसला. त्याला आधी ऐकू आलं ते तिचं वाक्य. दोन शब्दांचं, पण वाक्य. पाच महिने तीन दिवसांनी. आणि त्यामागून ऐकू आलं त्याचं स्वतःचं उत्तर. नखी त्याच्या हातात होती. तिला आटे नव्हते.

त्याने टेबलावरच्या नऊ नख्यांकडे पाहिलं. उठावाची अक्षरं, पुळ्या, मंद तोंड. ते सगळे आटे होते. करणाऱ्याने समजून ठेवले होते आणि याने तीन दिवस बसून, साबण लावून, घासून टाकले होते.

"अगं, मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

तिने "नको" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिंगाची नखी दोन लाकडी पट्ट्यांत अडकवली आणि तिकोनी कानस घेतली. कानस टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. चकचकीत मालावर मुद्दाम ओरखडा काढायचा, ही गोष्ट त्याच्या हाताने छत्तीस वर्षांत केलेली नव्हती. हात नाही म्हणत होता. बायकोने खुर्ची जवळ ओढून घेतली होती. तिने काठीच्या टोकाने त्याच्या पायाला ढोसलं.

त्याने पहिली रेघ ओढली. मग दुसरी. अंगठा बसतो तेवढ्याच जागी, आधी तिरक्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, जाळीसारख्या. एक रेघ खोल जाऊ लागली तेव्हा "नको" आलं, आणि ते बरोबर होतं. नखी उलटून तर्जनीच्या बाजूलाही तसंच केलं. तारेला लागणारं टोक तेवढं आरसा ठेवलं. अंगठा फिरवला. अडकला. बोथट अंगठ्यालासुद्धा कळलं, की आपण काहीतरी धरलं आहे.

गिटार घेतली. एकशे चाळीसपर्यंत त्याने ठोके मोजले. नखी हलली नाही. त्यानंतर मोजायचं राहिलं, कारण तिने मांडीवर हात टाकला आणि "पाणी" वर आली. तो ठोका देत राहिला. ती "दे" वर आली. त्याने पाणी आणून दिलं. तिने ते पिऊन टाकलं आणि पुन्हा मागितलं. तिसऱ्या पेल्यानंतर त्याला कळलं, की तिला तहान लागलेली नाही, तिला मागायचं आहे. त्याने चौथाही आणला.

शब्दबाईला त्यांनी पुढच्या भेटीत सगळं ऐकवलं, पाणी दे, दार लाव, इकडे ये. शेवटी बायको आपणहून म्हणाली, "धरायचं कुठं."

"हे मी दिलं नव्हतं," शब्दबाई म्हणाली.

"ते तिचं घरचं आहे," आरसा म्हणाला, आणि नळाची गोष्ट सांगितली. शब्दबाईने कागदावर काहीतरी लिहिलं, पेन मिटलं, आणि नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाली, "काका, अशी आणखी शोधा. घरची. माझ्या वाक्यांपेक्षा ती खोल रुजलेली असतात."

तो वाद्यांच्या दुकानात गेला तो नऊ नख्यांची पुडी घेऊन. परत करायला नाही, कबूल करायला. बाईने एक उचलली, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"यावरची अक्षरं कुठे गेली?"

"घासली. बोटाला टोचत होती."

"अहो, ती टोचायलाच असतात." तिने दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग पोट धरून हसली. "चाळीस वर्षं दुकानात बसते आहे. नख्यांना पॉलिश करून आणणारे तुम्ही पहिलेच."

त्याने शिंगाची नखी तिच्या हातात दिली. तिने ती कितीतरी वेळ फिरवून पाहिली, एक तार छेडली, पुन्हा छेडली, आणि म्हणाली, "ही मात्र मी कुणाला विकू शकणार नाही. हिच्यासारखी दुसरी कुठून आणू?"

"तुमचे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "त्या दिवशी खण आख्खा काढून ठेवलात. बसू दिलंत."

"आभार नको. काम द्या." तिने एका जुन्या गिटारच्या काळ्या पडलेल्या पितळी खुंट्या त्याच्यासमोर ठेवल्या. "घासून आणा. आणि बोटाने पिळायची डोकी सोडून घासा, तेवढं लक्षात ठेवा."

त्याने लक्षात ठेवलं.

सहा महिने पुरे झाले तेव्हा बायकोजवळ चाळीसेक वाक्यं होती. सगळी धड नव्हती. काही ताल असल्याशिवाय येत नसत, काही ताल असूनही भलतीकडे जात. मीठ म्हणायचं तर साखर यायची, शेजारीण म्हणायची तर चावी. तो नखी घेऊन बसायचा, सकाळी तीनशे, दुपारनंतर तीनशे. ठोका चुकवायचा नाही. टाइमकीपर आता हयात नव्हता. पण कॉर्ड बदलताना आरशाला कधी कधी ती हजेरीची वही आठवायची आणि वाटायचं, त्या माणसाने चार वर्षं मशीनचं न ऐकता आपल्याला हजर लावलं, म्हणून आज आपण हजर आहोत.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. त्याने फोन बायकोच्या डाव्या कानाशी उशीला टेकवून ठेवला आणि गिटार घेतली. आधी ठरलं होतं तसा हळू ताल धरला.

"आई?"

तिचा हात मांडीवर पडला. "जे… व… लीस… का?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "जेवले," लेक म्हणाली. "जेवले गं आई. तू?"

"जे… वले."

"आणि बाबा? बाबा काय करतायत?"

आता हे तयारीतलं नव्हतं. तिने आरशाकडे पाहिलं. तो गिटार वाजवत होता, समोर, तीन हातांवर. वाजवतात, एवढाच शब्द हवा होता. त्याने ताल सोडला नाही. तिने शब्द शोधला, हात चालू ठेवला, आणि तिला सापडला.

"घा… स… तात."

"आजही?" लेक हसली. "काय घासतायत?"

याला तिला विचार करावा लागला नाही.

"नळ."

चूक होतं. इतकं खरबरीत काम त्याने कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्याने नखी आट्यांवर घट्ट धरली आणि पुढचा ठोका दिला.